युरियाचा पेंढा दरवेळी बुरसतो? आधी बुरशी कुठे आहे ते बघा

युरिया प्रक्रियेच्या पेंढ्याची बॅग तीन आठवड्यांनी सोडावी, तर आत पांढरी-हिरवी बुरशी, कुबट वास आणि मधेच काळा चिकट लगदा. पुढच्या खेपेला युरिया वाढवला, तरी तेच. त्याच्या पुढच्या खेपेला कुणीतरी सांगितलं म्हणून गूळ घातला, तर आणखीनच बिघडलं. गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांत दोन-तीन गायी बाळगणाऱ्या घरांतून ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. मग लोक कंटाळतात, उडवीतला पेंढा तसाच गायीपुढे टाकतात आणि वर खुराकाचा खर्च सोसतात.

१०० किलो सुका पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, २१ दिवस हवाबंद हे प्रमाण बरोबरच आहे. पण त्यात गृहीत धरलेला पेंढा कडकडीत वाळलेला असतो, आजूबाजूची हवा कोरडी असते आणि गोठ्यात ढीग चटकन संपवणारी दहा-वीस जनावरं असतात. आपल्याकडे या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते. म्हणून युरिया कमी-जास्त करत बसण्यापेक्षा बॅग सोडल्यावर बुरशी नेमकी कुठे धरली आहे ते आधी बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

त्याआधी आत काय घडतं ते थोडक्यात. पाण्यात विरघळलेल्या युरियाचं पेंढ्यावरचे जीवाणू अमोनियात रूपांतर करतात. अमोनिया वायू पेंढ्यात मुरतो, काडीतला लिग्निनचा कडक बांधा सैल करतो, आणि मग गायीच्या पोटातल्या जीवाणूंना आतला तंतू पचवता येतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. प्रक्रियेनंतर, नत्राच्या हिशेबाने, ती ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जातात. बुरशीला रोखतो तोही हाच अमोनिया. तो कोंडून राहिला तर ओला पेंढाही टिकतो. तो निसटला की मागे उरतो नुसता ओला पेंढा, आणि आपल्या हवेत ओल्या पेंढ्याचं काय होतं हे कुणाला सांगायला नको.

फक्त वरच्या थराला बुरशी

प्लास्टिक आणि पेंढा यांच्यामध्ये हवा राहिली आहे. दिवसा ऊन लागून आतली वाफ वर जाते, रात्री प्लास्टिक गार पडलं की तिचे थेंब होतात आणि वरच्या पेंढ्यावर पडत राहतात. ढीग झाकताना प्लास्टिक पेंढ्याला घट्ट चिकटलं पाहिजे. वर माडाची चुडतं किंवा सुका पालापाचोळा पसरा, म्हणजे ऊन थेट लागणार नाही, आणि त्यावर चिरे ठेवा. कडेने प्लास्टिक मातीखाली दाबा. नुसते दगड ठेवून भागत नाही, दोन दगडांच्या मधून अमोनिया जातोच. बाजारातली पातळ निळी ताडपत्री तर या कामाला नकोच. विणकाम घासलं की तिला बारीक छिद्रं पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. सायलेजसाठी (हिरवा चारा आंबवून साठवायला) मिळणारा जाड प्लास्टिक कागद, साधारण १५० मायक्रॉनचा किंवा त्याहून जाड, घ्या.

तळाला काळं, वर चांगलं

जमिनीची ओल. जांभ्या दगडाच्या जमिनीत खड्डा खणून केलेलं काम उन्हाळ्यात छान निघतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यात पाझर सुटतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच्यापुढे खड्ड्याचं काही चालत नाही. हौद करायचाच तर जमिनीवर करा आणि आतून सिमेंटचा गिलावा करा. उघड्या चिऱ्याच्या भिंतीतून पाणी आत येतं आणि वायू बाहेर जातो, दोन्हीकडून तोटा. दोन-तीन गायींसाठी मात्र हौदाच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे. मांगराच्या छपराखाली लाकडी फळ्यांवर उभ्या केलेल्या बॅगा बऱ्या.

एकाच जागी, वर्तुळात

उंदीर. बॅग फिरवून बघा, भोक सापडेल. जाड बॅगेला चिकटपट्टी लावून ते बुजवता येतं, पण भोक किती दिवसांचं आहे हे कळत नसेल तर ती बॅग आधी सोडून वापरायला घ्या. बॅगा भिंतीला टेकवून ठेवू नका, चारी बाजूंनी हात फिरेल एवढी जागा सोडा.

मधे मधे गोळे-गोळे काळे

सर्वांत जास्त तक्रारी याच्या असतात आणि युरिया वाढवायची चूकही लोक इथेच करतात. हा प्रकार पाण्याचा आहे.

सत्तरीतल्या एका घरी हे काम चाललेलं बघत होतो. काकी कळशीने पाणी घालत होत्या. युरिया बादलीत विरघळवून घेतलेला, तो तांब्याने पेंढ्यावर शिंपडायचा, वरून कळशीभर साधं पाणी.

"काकी, कळशी किती लिटरची?"

"ते कोण मोजतंय बाबा! पेंढा भिजला की झालं."

"आणि पेंढा किती किलो?"

"चार भारे."

भारा बांधणाऱ्याच्या हातावर असतो. काटा आणून तोलले तर एक भारा नऊ किलोचा, दुसरा चौदाचा. त्यातला चौदाचा भारा जड का, तर तो उडवीच्या खालच्या बाजूचा आणि ओला. म्हणजे ज्याला पाणी कमी हवं होतं, त्यालाच जास्त मिळत होतं. तांब्याने शिंपडल्यामुळे काही पेंढा चिंब आणि त्याच्या शेजारचा कोरडा ठणठणीत. चिंब जागेतून युरिया निथळून खाली गेला. अशा ढिगात गोळे काळे पडले नाहीत तरच नवल.

हिशेब असा आहे. प्रक्रियेसाठी पेंढ्यात एकूण ओल ४० टक्क्यांच्या जवळपास लागते. कडक वाळलेल्या पेंढ्यातही १० ते १२ टक्के ओल असतेच, म्हणून त्याला १०० किलोमागे ५० लिटर पाणी ठीक बसतं. पण ऑक्टोबरात परतीच्या पावसात सापडलेल्या, हार्वेस्टरने मागे टाकलेल्या पेंढ्यात २५ टक्के ओल सहज असते. त्याला तेच ५० लिटर घातलं तर ओल ५० टक्क्यांच्या घरात जाते आणि मग सडणं आलं. अशा पेंढ्याला १०० किलोमागे २५ लिटर पाणी पुरे आणि युरिया साडेतीन किलोच्या आसपास, कारण १०० किलोत खरा सुका पेंढा ७५ किलोच आहे.

ओल किती आहे ते कळायला यंत्र लागत नाही. ढिगाच्या चार जागांचा मिळून १ किलो पेंढा घ्या, दोन दिवस कडक उन्हात पसरा, पुन्हा तोला. उन्हात वाळल्यावरही १०-१२ टक्के ओल आत राहतेच, म्हणून ८५० ग्रॅम भरला तर मूळ पेंढ्यात पाव हिस्सा पाणी होतं असं समजा. ९८० भरला तर पेंढा सुकाच आहे, ५० लिटरवाला हिशेब लावा. आणि ८००च्या खाली गेला तर आधी पेंढा वाळवा, तोवर युरियाची गोणी उघडूच नका.

पाणी घालायला झारी वापरा. सगळा युरिया सगळ्या पाण्यात एकदम विरघळवा, नंतर वरून साधं पाणी नाही. २० किलो पेंढ्याचा थर पसरायचा, त्यावर द्रावण १० लिटर (२५ लिटरवाल्या ओल्या पेंढ्याला ५) समान फिरवायचं, पायाने दाबायचं, मग पुढचा थर. कोपरे आणि कडा जास्त तुडवा, मधे आपोआप दाबलं जातं. हाताची परीक्षा: मूठभर पेंढा पिळला तर थेंब गळता कामा नये, पण तळवा ओलसर लागला पाहिजे.

बॅग चांगली निघाली, चार दिवसांनी बुरसली

ही समस्या खास आपल्याकडची. बॅग सोडली की अमोनिया उडून जातो, आणि पावसाळ्यात हवेतच इतकी आर्द्रता असते की उघडा पडलेला पेंढा तीन-चार दिवसांत पांढरा दिसायला लागतो. प्रक्रिया बिघडलेली नसते, बॅग मोठी असते.

एक दुभती गाय इतर चाऱ्याबरोबर दिवसाला ५-६ किलो प्रक्रिया केलेला पेंढा खाते. तीन गायी धरल्या तर १५ ते १८ किलो. १०० किलो सुक्या पेंढ्याचा पाण्यासकट दीडशे किलो माल होतो, म्हणजे तो आठ-दहा दिवस पुरतो. उन्हाळ्यात ठीक आहे, पावसाळ्यात नाही. पावसाळ्यासाठी ३०-४० किलो सुका पेंढा मावेल अशा बॅगा भरा, एक सोडली की तीन-चार दिवसांत संपली पाहिजे. लागेल तेवढाच काढा, तोंड पुन्हा पिळून दोरीने बांधा. मोठ्या ढिगावर लोकांचा जीव का असतो कळत नाही. एका दिवसात काम उरकतं एवढाच त्याचा फायदा.

वेळेचंही बघा. आपल्याकडे हिरव्या चाऱ्याची खरी टंचाई फेब्रुवारी ते मे. म्हणून शरदातला, म्हणजे पावसाळी भाताचा, पेंढा नोव्हेंबरच्या उन्हात नीट वाळवून डिसेंबर-जानेवारीत बॅगा भराव्यात. तेव्हा रात्री थोड्या गार असतात, त्यामुळे २१ ऐवजी २८ दिवस ठेवा. वायंगणाचा, म्हणजे दुबार भाताचा, पेंढा मार्च-एप्रिलमध्ये सोन्यासारखा वाळलेला मिळतो. तो छपराखाली कोरडा साठवा आणि लागेल तशा छोट्या बॅगा करा.

गूळ का घालायचा नाही

युरियाच्या पेंढ्यात गूळ किंवा मळी घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सायलेजच्या कृतीतून उसना आला आहे आणि इथे तो नुसता निरुपयोगी नाही, धोक्याचा आहे.

सायलेजमध्ये आपण आंबवतो. जीवाणू साखर खातात, लॅक्टिक आम्ल तयार करतात, माल आंबट होतो आणि त्या आंबटपणामुळे टिकतो. युरिया प्रक्रियेत नेमकं उलट चालतं, माल अल्कधर्मी होतो आणि त्यामुळे टिकतो. दोन्ही एकत्र केलं की अमोनिया आम्लाला मारतो, आम्ल अमोनियाला खातं, आणि शेवटी रान मोकळं मिळतं ते बुरशीला. शिवाय साखर आणि अमोनिया उष्णतेत एकत्र आले की ४-मिथाइल इमिडाझोल नावाचं विषारी द्रव्य तयार होऊ शकतं. ते पोटात गेलेलं जनावर अचानक उधळतं, गोल फिरतं, थरथरतं. ते दुधात उतरतं, त्यामुळे वासरालाही बाधतं. तेव्हा युरियाच्या बॅगेत गूळ नाही, मळी नाही, केळी-फणसाची सालंही नाहीत. घरातला माडाचा गूळ पातोळ्यांसाठी ठेवा.

खरंच आंबवायचं असेल तर ते वेगळं काम आहे, आणि त्यात युरिया नाही. सुक्या पेंढ्यात साखर जवळजवळ नसतेच, म्हणून नुसता पेंढा पाणी घालून कोंडला तर तो आंबत नाही, कुजतो. त्याला दोन-तीन सेंटिमीटरवर कुट्टी हवी (युरियाला अखंड पेंढाही चालतो, कारण वायू सगळीकडे पोचतो, आंबवताना मात्र पोकळ काड्यांतली हवाच घात करते). ओल ६० ते ६५ टक्के हवी आणि साखरेचा काहीतरी पुरवठा हवा.

इथे आपल्याकडे एक सोय आहे जी घाटावर नाही. मार्च ते मेमध्ये कोळंबीवर, म्हणजे बोंडं मळायच्या जागेवर, काजूची बोंडं मळून रस काढला की चोथ्याचे ढीग पडतात. त्यात बरीच साखर उरलेली असते आणि पाणी तर भरपूर. कुट्टी केलेल्या वायंगण पेंढ्याचा थर, त्यावर चोथ्याचा थर, घट्ट तुडवून बॅगेत भरला तर सुका पेंढा चोथ्याचं पाणी शोषतो आणि दोन्ही मिळून चांगलं आंबतं. चोथा त्याच दिवशीचा घ्या. रात्रभर पडलेला चोथा दारूच्या वाटेला लागलेला असतो, त्यातली साखर जीवाणूंना मिळत नाही. मूठ पिळून बघा, बोटांच्या फटीतून पाणी आलं तर पेंढा वाढवा. महिन्याभराने सोडल्यावर लोणच्यासारखा आंबट वास आला तर जमलं. तूप खवट झाल्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त झालं. बोंडाच्या चोथ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, तेव्हा सुरुवातीला थोडं थोडंच द्या.

बुरशी नाही, पण वासही नाही

हा प्रकार बुरशीपेक्षा वाईट. युरियाची बॅग सोडल्यावर नाकात झिणझिणी आणि डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, पेंढा पिवळ्याचा तपकिरी झालेला दिसला पाहिजे. पेंढा जसाच्या तसा फिकट पिवळा, वास नाही, आणि काड्यांवर पांढरे कण दिसत असतील, तर युरिया फुटलेलाच नाही. पाणी फार कमी पडलं किंवा बॅग लवकर सोडली. हा पेंढा खाल्ला तर युरियाची थेट विषबाधा होऊ शकते. पुन्हा थोडं पाणी शिंपडून, हवाबंद करून आणखी दोन-तीन आठवडे ठेवा. वास आला तरच वापरा.

विषबाधेची लक्षणं खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात दिसतात: तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, झोकांड्या. पशुवैद्याला ताबडतोब बोलवा. व्हिनेगर पाण्यात मिसळून पाजणं हा त्यावरचा जुना प्राथमिक उपाय, आणि आपल्या स्वयंपाकघरात माडाचं व्हिनेगर असतंच. पण किती आणि कसं ते डॉक्टरांना फोनवर विचारूनच, आणि जनावर नीट गिळत असेल तरच. आडवं पडलेल्या जनावराच्या नरड्यात बाटली रिकामी केली तर ती फुप्फुसात जाते. उरलेलं युरियाचं द्रावण बादलीत उघडं ठेवू नये, हे वेगळं सांगायला हवं का? हवं. तहानलेली गाय ते पाण्यासारखं पिते.

बुरसलेलं काय करायचं

वरचा थर फेकून आतला चांगला भाग द्यायला हरकत नाही, पण सढळ हाताने फेका, दिसणाऱ्या बुरशीच्या खाली आणखी वीतभर. पाण्याने धुऊन किंवा उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. काही विषं दुधात उतरतात. भाताच्या बुरसलेल्या पेंढ्यामुळे म्हशींच्या शेपटीचं टोक, कान आणि खूर काळे पडून झडतात, तो डेगनाला रोग उत्तरेत चांगलाच माहीत आहे. मुळात उडवीतच काळा पडलेला पेंढा असेल तर युरियाने तो सुधारत नाही. गाभण गायीला तर अजिबात नको. असला सगळा माल माडाच्या आळ्यात टाका, तिथे त्याचं सोनं होईल.

गाय तोंड लावत नाही

बॅगेतून काढल्या काढल्या गव्हाणीत टाकू नका. सावलीत तासभर पसरून ठेवा, वास निवळतो. पसरताना मांगराची दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि बॅगेत डोकं घालून वास घेऊ नका. पहिल्या दिवशी रोजच्या चाऱ्यात मूठभर मिसळा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर या. गाय उपाशी असताना सुरुवात नको, आधी थोडा हिरवा चारा टाका. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा द्यायचाच नाही, त्यांच्या पोटाची तयारी झालेली नसते. घोडा, डुक्कर यांनाही नाही. गव्हाणीत युरियाचा चाटण ब्लॉक टांगलेला असेल तर तो काढा, आणि खुराकाच्या गोणीवर युरिया लिहिलेला आहे का वाचा.

भाताच्या पेंढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. प्रक्रियेने हे बदलत नाही. म्हणून खनिज मिश्रण रोज ४०-५० ग्रॅम चालूच ठेवा आणि थोडा तरी खुराक असू द्या, कारण अमोनियातून मिळालेल्या नत्राचा पोटातल्या जीवाणूंना उपयोग व्हायचा तर त्यांना ऊर्जाही लागते. दहा दिवसांनंतरही गाय खात नसेल तर तो पेंढा पुन्हा हातात घेऊन वास घ्या. अमोनियाच्या आडून कुबट वास येत असेल, तर गायीचं बरोबर आहे.